डागडुजी नव्हे, जीर्णोद्धार!

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूरची कीर्ती देशभर पसरली, ती तेथील घरांना दारे नाहीत म्हणून. उघड्या आकाशाखाली चौथऱ्यावर उभ्या असलेल्या शिळेला भाविक तेलाचा अभिषेक करतात. ज्या गावाचा राखणदार प्रत्यक्ष शनिदेव आहे, त्या गावाला कडीकुलपाची गरज काय, ही तेथील पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा. कुत्र्यामांजरांनी आत शिरू नये म्हणून फार तर एखादी फळी चौकटीला टेकवून ठेवायची, एवढाच काय तो बंदोबस्त. २०११ मध्ये गावात युको बँकेची शाखा निघाली, तीही बिनकुलपाची म्हणूनच गाजली. मात्र २०१५ मध्ये याच गावात पोलीस ठाणेही उघडले. देवावर भार टाकणाऱ्या गावालाही पहारा वर्ज्य नाही. श्रद्धा आणि सावधपणा या दोहोंत विरोध मानण्याचे कारण नाही, हेच त्यातून दिसते.

गावाला जे शोभून दिसते, ते राष्ट्राला मात्र परवडत नाही. नव्या मोजणीनुसार भारताचा समुद्रकिनारा ११,०९८ किलोमीटर भरतो. हे आपले सर्वांत मोठे आणि सर्वांत उघडे अंगण आहे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला तो समुद्रावरून येऊन आणि २००८ च्या नोव्हेंबरमध्ये कराचीहून निघालेले दहा दहशतवादी मुंबईत उतरले तेही समुद्रावाटेच. या अंगणाची दारे म्हणजे नौदल, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस. त्यांतील नौदलाच्या ताफ्यात सर्वाधिक राबणारे जहाज म्हणजे फ्रिगेट. विमानवाहू नौकेसारखा तिचा गाजावाजा होत नाही. पण पाणबुडीचा माग काढणे, व्यापारी जहाजांना संरक्षण देणे, चाच्यांचा पाठलाग करणे, शत्रूच्या किनाऱ्यावर नजर ठेवणे ही सगळी कामे तिच्याच वाट्याला येतात. अशा फ्रिगेट जुन्या होऊ लागल्या की त्यांचे काय करायचे, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. खोलात गेले की तो राष्ट्राच्या शिस्तीचा प्रश्न असल्याचे ध्यानात येते.

जहाज म्हातारे कसे होते?

युद्धनौकेचे सांगाड्याचे आयुष्य साधारणतः पंचवीस ते तीस वर्षांचे धरले जाते. खारे पाणी आणि लोखंड यांचे हाडवैर आहे. तळाचे पत्रे झिजून पातळ होतात, लाटांचे हेलकावे सोसून सांधे थकतात, नळ गंजतात, विजेच्या तारांचे आवरण ठिसूळ होते. हे झाले शरीराचे म्हातारपण. रडार, सोनार, क्षेपणास्त्रे आणि संगणक मात्र दहा-पंधरा वर्षांतच कालबाह्य होतात. म्हणजे शरीर धडधाकट असतानाच जहाजाचे डोळे आणि कान थकलेले असतात. यंत्राचा निर्माता धंदा बंद करून बसला, तर सुटे भाग मिळेनासे होतात. म्हणून जहाजाने आयुष्याचा मध्य गाठला की त्याला गोदीत घेऊन नवी शस्त्रे, नवी उपकरणे आणि गरज पडल्यास नवे इंजिन बसविण्याची रीत जगातील सर्व नौदलांत आहे.

हे काम वाटते तितके सोपे नाही. नवे रडार डोलकाठीवर चढवले की वरचा भार वाढतो आणि जहाजाचा तोल बिघडू शकतो. नव्या उपकरणांना अधिक वीज लागते आणि ती थंड ठेवण्यासाठी अधिक शीतयंत्रे लागतात. जुन्या वाड्यात एक भिंत हलवावी आणि चार तुळया तपासाव्या लागाव्यात, तसा हा प्रकार आहे. तो जमण्यासाठी कसबी हात लागतात आणि ते हात मुंबईच्या गोद्यांमध्ये आहेत, ही महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

मुंबईच्या गोदीचे कर्तृत्व

'तलवार' आणि 'त्रिशूल' या फ्रिगेट ब्रिटनमध्ये बांधून भारतात आल्या होत्या. १९७१ च्या डिसेंबरमध्ये कराचीवर दुसरा हल्ला चढविणाऱ्या 'विनाश' या क्षेपणास्त्र नौकेसोबत याच दोघी होत्या. छोट्या क्षेपणास्त्र नौका केवढा पराक्रम करू शकतात, हे त्या युद्धाने दाखवून दिले. त्यातून धडा घेऊन नौदलाने सत्तरच्या दशकात या जुन्या फ्रिगेटच्या पुढच्या तोफा उतरविल्या आणि त्या जागी रशियन बनावटीची स्टिक्स क्षेपणास्त्रे बसविली. इंग्रजी शरीराला रशियन बाहू जोडण्याचे हे धाडस भारतीय अभियंत्यांनी केले आणि जुन्या जहाजांना नवे सामर्थ्य मिळाले.

ही परंपरा पुढेही चालू राहिली. माझगाव डॉकमध्ये बांधलेली 'दिल्ली' ही विनाशिका १९९७ मध्ये नौदलात आली. पंचवीस वर्षांनी, २०२२ च्या एप्रिलमध्ये, तिच्यावरून ब्राह्मोस क्षेपणास्त्राची यशस्वी चाचणी झाली. जहाज बांधले तेव्हा ब्राह्मोस अस्तित्वातच नव्हते. १९८६ मध्ये दाखल झालेल्या 'शंकुश' या पाणबुडीचे आयुष्य वाढविण्याचे सुमारे २,७२५ कोटी रुपयांचे काम २०२३ च्या जूनमध्ये याच माझगाव डॉककडे सोपविण्यात आले.

त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला संरक्षण मंत्रालयाने कोचीन शिपयार्डशी केलेला करार या विषयात विशेष महत्त्वाचा आहे. 'बियास' ही कोलकात्यात बांधलेली फ्रिगेट २००५ मध्ये नौदलात आली. तिची इंजिने वाफेची. बॉयलरमध्ये पाणी तापवा, वाफ धरा, मग जहाज हलवा. त्यासाठी वेळही हवा आणि माणसेही. बॉयलरखोलीच्या उष्म्यात तासन् तास काम करणाऱ्या नौसैनिकाचे कष्ट वेगळेच. ३१३ कोटी ४२ लाख रुपये खर्चून या जहाजाची वाफेची इंजिने काढून तेथे डिझेल इंजिने बसवायची आणि शस्त्रसामग्रीही आधुनिक करायची, असा हा करार आहे. काम पूर्ण करण्यासाठी २०२६ हे वर्ष ठरविण्यात आले. ब्रह्मपुत्रा वर्गातील फ्रिगेटवर असा प्रयोग प्रथमच होत आहे. पन्नासहून अधिक लघु व मध्यम उद्योगांना त्यातून काम आणि साडेतीन हजारांवर लोकांना रोजगार मिळेल, असे मंत्रालयाने त्या वेळी सांगितले होते.

नगरकरांना ही कल्पना नवी वाटू नये. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि लष्करी वाहनांचे संशोधन करणारी संस्था याच शहरात आहे, रणगाड्यांचे संग्रहालयही येथेच आहे. जुन्या टी-७२ रणगाड्यांची ७८० अश्वशक्तीची इंजिने बदलून १,००० अश्वशक्तीची बसविण्याचा करार २०२५ च्या मार्चमध्ये झाला. धड जुने, हृदय नवे, हाच विचार जमिनीवरही आहे आणि समुद्रावरही.

खर्चाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. माझगाव डॉक आणि कोलकात्याचे गार्डन रीच यांनी हाती घेतलेल्या प्रोजेक्ट १७-ए मधील सात नव्या फ्रिगेटचा एकूण खर्च सुमारे ४५,००० कोटी रुपये, म्हणजे एका जहाजाला सहा हजार कोटींहून अधिक. 'बियास'च्या नूतनीकरणाचा खर्च त्याच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास आहे. नवी जहाजे आकाराने आणि सामर्थ्याने कितीतरी मोठी आहेत, तेव्हा ही तुलना काटेकोर नव्हे. पण नूतनीकरणाकडे काटकसरीचे शहाणपण म्हणून का पाहिले जाते, ते यातून कळते. सुताराकडे नवे दार तयार होईपर्यंत जुने दार चौकटीतून काढून ठेवता येत नाही, हा साधा व्यवहार आहे.

नाण्याची दुसरी बाजू

परंतु काटकसर आणि चालढकल यांच्यातील सीमारेषा फार पुसट असते. ती ओलांडली की किंमत पैशांत मोजून भागत नाही.

९ डिसेंबर १९७१ रोजी दीवच्या किनाऱ्याबाहेर 'खुकरी' ही फ्रिगेट पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने बुडविली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना जलसमाधी मिळाली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. त्यांच्या बलिदानापुढे देश आजही नतमस्तक होतो. पण त्या बलिदानामागचे एक कटू सत्यही स्मरणात ठेवले पाहिजे. पाणबुडी शोधण्यासाठी निघालेल्या जहाजाच्या सोनारचा पल्ला त्या पाणबुडीच्या सोनारपेक्षा कमी होता. शिकारी आंधळा होता आणि सावज डोळस. थकलेल्या कानांची आणि डोळ्यांची किंमत नौसैनिक प्राणांनी चुकवितो, तो निर्णय लांबविणारा कारकून किंवा मंत्री चुकवीत नाही.

अगदी अलीकडच्या काळातही गोदीतच घडलेल्या दुर्घटना विसरता येण्यासारख्या नाहीत. ५ डिसेंबर २०१६ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत दुरुस्तीनंतर पाण्यात उतरविताना 'बेतवा' एका अंगावर कलंडली आणि दोन नौसैनिक मृत्युमुखी पडले. दोन महिन्यांहून अधिक काळानंतर तिला पुन्हा उभे करता आले. २१ जुलै २०२४ रोजी त्याच गोदीत दुरुस्तीसाठी आलेल्या 'ब्रह्मपुत्रा'ला आग लागली, ती विझविल्यावर जहाज कलले आणि एका तरुण नौसैनिकाचा बळी गेला. तिला पुन्हा समुद्रावर आणण्याचा निर्धार नौदलप्रमुखांनी व्यक्त केला. 'बियास', 'बेतवा', 'ब्रह्मपुत्रा' या एकाच वर्गातील तीन बहिणी. त्यांतील दोघी शत्रूच्या तोफेने नव्हे, तर स्वतःच्या गोदीत जायबंदी झाल्या, ही बाब प्रत्येक विचारी नागरिकाला अस्वस्थ करणारी आहे. दुरुस्तीचा काळ हा विश्रांतीचा काळ नसतो. उघडी यंत्रे, वेल्डिंगच्या ठिणग्या, बंद पडलेले पंप आणि वेगवेगळ्या कंत्राटदारांची माणसे यांच्या गर्दीत जहाज सर्वाधिक दुबळे असते.

जुने किती ताणावे, याचा धडा ब्रिटननेही घेतला आहे. त्यांच्या टाइप-२३ फ्रिगेट अठरा वर्षांच्या सेवेसाठी आखल्या होत्या. नवी जहाजे वेळेवर आली नाहीत म्हणून त्या तीस वर्षांपर्यंत ओढल्या गेल्या. अखेरीस 'नॉर्थम्बरलँड'चा सांगाडा इतका झिजलेला निघाला की दुरुस्ती परवडणारी नाही, असे सांगून २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तिला निवृत्त करण्याची घोषणा करावी लागली. एकेकाळी सातही समुद्रांवर हुकमत गाजविणाऱ्या राष्ट्राची ही अवस्था आहे.

मूळ दुखणे विलंबाचे

मग दोष जुन्या जहाजांचा का? मुळीच नाही. माझगाव डॉकची 'गोदावरी' १९८३ मध्ये दाखल झाली. भारतीय आरेखकांनी आखलेल्या या जहाजाने १९८८ मध्ये मालदीवमधून ओलिसांसह पळणाऱ्या भाडोत्री बंडखोरांचे जहाज समुद्रात गाठले. ती २०१५ मध्ये, तिची बहीण 'गंगा' २०१८ मध्ये आणि धाकटी 'गोमती' चौतीस वर्षांच्या सेवेनंतर २८ मे २०२२ रोजी मुंबईत सूर्यास्ताला निवृत्त झाली. जहाजांनी आपले कर्तव्य चोख बजावले, विलंब झाला तो माणसांकडून.

'ब्रह्मपुत्रा'ची बांधणी १९८९ मध्ये सुरू झाली आणि ती नौदलात आली २००० मध्ये. अकरा वर्षे कारखान्यात रेंगाळलेले जहाज जन्मतःच काही प्रमाणात जुने असते. जगातील नौदले वाफेचा निरोप घेत असताना आपण वाफेवर चालणारी फ्रिगेट दाखल करून घेतली आणि तिच्याच बहिणीची इंजिने बदलण्यासाठी आता पुन्हा खर्च करीत आहोत. १९८८ च्या 'गोमती'नंतर २०१० च्या 'शिवालिक'पर्यंत माझगाव डॉकमधून एकही नवी फ्रिगेट बाहेर पडली नाही. मधल्या काळात तेथे विनाशिका बांधल्या गेल्या हे खरे, तरी फ्रिगेटची बावीस वर्षांची पोकळी पोकळीच राहिली. पाणबुड्यांची कथा त्याहून क्लेशकारक आहे. १९९४ मध्ये 'शंकुल' बांधून झाल्यावर ते काम थांबले. पुढचा करार झाला २००५ मध्ये आणि 'कलवरी' दाखल झाली २०१७ च्या डिसेंबरमध्ये. पोलाद साठवून ठेवता येते, कसब साठवून ठेवता येत नाही. हाताला काम नसेल तर उत्तम वेल्डरही दुसरीकडे जातो आणि त्याची विद्या त्याच्याबरोबर जाते.

मराठी माणसाला तरी हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. शिवछत्रपतींनी आरमार उभारले, आंग्र्यांनी विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत खडक फोडून गोदी केली, जहाजे बांधली आणि दुरुस्त केली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कोणते तोडावे आणि आंबा-फणसासारखी झाडे का राखावी, याचाही विचार आहे. झाड वाढायला पिढी लागते, हे त्या राज्यकर्त्यांना कळत होते. पुढे १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी विजयदुर्गावर आंग्र्यांचे आरमार जाळले, तेव्हा पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या बाजूने उभे होते. घरच्या भांडणात आपलेच दार जाळले गेले आणि ते पुन्हा तसे कधीच उभे राहिले नाही. आरमार बुडते एका दिवसात, त्याची उभारणी करण्यात मात्र पिढ्या खर्ची पडतात.

अहिल्यादेवींचा धडा

ज्या जिल्ह्यात शनिशिंगणापूर आहे, त्याचे नाव आता अहिल्यानगर आहे. याच जिल्ह्यातील चौंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींची त्रिशताब्दी २०२५ मध्ये साजरी झाली. त्यांचे नाव निघाले की पहिला शब्द आठवतो तो जीर्णोद्धार. काशी विश्वनाथाचे मंदिर त्यांनी पुन्हा उभारले. सोमनाथाला भग्नावशेषांवर चुना फासण्याचा मोह टाळून त्यांनी जवळच नवे मंदिर बांधले. कोठे जुने सावरायचे आणि कोठे नवे उभारायचे, हा विवेक त्यांच्यापाशी होता. डागडुजी आणि जीर्णोद्धार यांत हाच फरक आहे. डागडुजी आजचा दिवस ढकलते. जीर्णोद्धार करणारा पुढच्या पिढीचा विचार करतो, पुरेसा पैसा बाजूला काढतो, उत्तम कारागीर नेमतो आणि काम तडीस नेतो.

जुन्या फ्रिगेटच्या बाबतीत हाच विवेक हवा. नूतनीकरणाचा निर्णय जहाज बारा-पंधरा वर्षांचे असतानाच व्हावा, यंत्रे रडू लागल्यावर नव्हे. सांगाड्याची कसून तपासणी झाल्यावाचून आयुष्य वाढवू नये आणि तपासणीत जहाज नापास झाले तर निरोप देण्याचे धैर्य असावे. प्रत्येक नूतनीकरणाच्या निर्णयाबरोबरच त्या जहाजाची जागा घेणाऱ्या नव्या जहाजाचा कालावधीही ठरावा, म्हणजे जुन्याचा आधार नव्याच्या विलंबाला मिळणार नाही. गोदीतील अग्निसुरक्षा आणि तोलाचे गणित ही युद्धसज्जतेचीच अंगे मानावीत. रिफिटच्या लांबणाऱ्या वेळापत्रकांवर महालेखापरीक्षकांनी वेळोवेळी ताशेरे ओढले आहेत. ते अहवाल कपाटात न ठेवता त्यांवर संसदेत चर्चा व्हावी. पंप, झडपा, तारा, सुटे भाग हे सर्व देशातच तयार व्हावेत. पुणे, नाशिक आणि अहिल्यानगरच्या औद्योगिक वसाहतींना हे काम अवघड नाही.

आशा वाटावी अशी चिन्हेही आहेत. १९७२ मध्ये माझगाव डॉकने पहिली 'नीलगिरी' नौदलाला दिली होती. तेच नाव धारण करणारी नवी 'नीलगिरी' १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'उदयगिरी' व 'हिमगिरी' विशाखापट्टणमला दाखल झाल्या. नौदलात जहाज निवृत्त होते, पण त्याचे नाव पुढच्या जहाजाकडे जाते, ही कुलपरंपरेसारखी सुंदर प्रथा आहे. दुसरीकडे पाकिस्ताननेही २०२१ ते २०२३ या काळात चीनकडून चार नव्या फ्रिगेट घेतल्या आणि चीनच्या नौदलातील जहाजांची संख्या जगात सर्वाधिक आहे. म्हणून नव्याचा वेग आता मंदावता कामा नये.

समाजाचा वाटाही यात आहे. नव्या जहाजाच्या जलावतरणाला फुले उधळली जातात, छायाचित्रे छापली जातात. जहाज गोदीत असताना मात्र त्याच्या तळाशी वाकून गंज खरवडणाऱ्या कामगाराची कोणी दखल घेत नाही. आपल्या घरातील मुलाने अभियंता होऊन परदेशी जावे, ही मध्यमवर्गाची इच्छा समजण्यासारखी आहे. पण नौदल गोदीच्या मुंबईतील शिकाऊ उमेदवार शाळेत आयटीआय झालेल्या तरुणांना प्रवेश मिळतो, हे नेवासे-शेवगावच्या किती घरांत ठाऊक आहे? वेल्डर, फिटर, वीजतंत्री यांची वर्दी नसली तरी त्यांच्या हातावर शेकडो नौसैनिकांचे प्राण अवलंबून असतात. तालुक्यातील शाळांत, शाखांत आणि तरुण मंडळांत ही माहिती पोहोचविणे कोणालाही जमण्यासारखे आहे.

शनी हा कर्माचे फळ देणारा, तेही सावकाश पण न चुकता, असे आपली परंपरा सांगते. आज टाळलेला निर्णय पंधरा-वीस वर्षांनी समुद्रावर फळाला येतो आणि ते फळ चाखावे लागते ते आज शाळेत शिकत असलेल्या मुलांना. त्यांच्या हाती देण्याची जहाजे खरोखर सज्ज असतील, याची चिंता आजच्या पिढीने आजच वाहिली पाहिजे.